शेंदरी खुणा

चूक श्रीनिधीचीच होती. महारुद्रनं सांगितलं होतं, सायकलच्या वाटेवर वळणाच्या दगडांना पांढऱ्या रंगानं खुणा कर. पण श्रीनिधीच्या घरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला दिलेल्या ऑइलपेंटचा अर्धा डबा पडून होता, शेंदरी. घरचा रंग सोडून दुकानात कोण जातं? दुरून दिसावं म्हणून त्यानं पाच दगडांना ऐसपैस दोन-दोन हात दिले. पुढच्या खेपेला दोघं सायकली घेऊन डोंगरावर गेले, तर पाचही दगडांपुढं नारळ फुटलेले, रुईच्या पानांच्या माळा, आणि एकापुढं उदबत्ती.

"मी तुला खुणा करायला लावल्या होत्या का प्रतिष्ठापना?" महारुद्र म्हणाला.

महारुद्र गंगाखेडच्या एका कॉलेजात क्लार्क. जोश्याच्या घरचा, पण पंचांगापेक्षा त्याला टायरचं ज्ञान जास्त. कुणी "हे होत न्हाई" म्हटलं की ते केल्याशिवाय याला अन्न गोड लागत नाही. मुलगी बघायला गेला तेव्हा तिच्या मामांनी विचारलं, चारचाकी कधी घेणार? हा म्हणाला, "दोन चाकांचा कंटाळा आला की." पोहे तेवढे खाऊन परत आला.

गावाच्या दक्षिणेला बालाघाटाचा डोंगर आहे. तिथल्या एका वाडीमागच्या शेळ्यांच्या पायवाटेला पहार-कुदळ लावून, दोन हिवाळे खपून त्यानं ही वाट काढली होती. वर सुटा मुरूम, ब्रेक जरा जास्त दाबला की मागचं चाक पुढं यायला बघतं. मग तरवडाच्या झुडपांतून वळणं. त्यातल्या एकाचं नाव 'कोपरफोड', आणि कोपर कुणाचं हे श्रीनिधीला विचारू नये. शेवटी एका अंगाला ओघळ, दुसऱ्या अंगाला कातळ आणि मधोमध म्हशीच्या पाठीएवढा दगड. त्यावर चाक चढवायचं, बूड मागं न्यायचं आणि पलीकडं घसरायचं. खाली पोचलं की येड्यासारखं हसू येतं. पाचवी खूण नेमकी त्याच दगडावर होती.

वाडीत बैठक बसली. देवावरून सायकली जायल्यात, वाट बंद करा, असं सरपंच सूर्यभानराव म्हणाले.

"देव कुठला? ट्रॉलीचा रंग हाय तो. डबा दाखवू का?" महारुद्र म्हणाला.

"मंग?" बायनाबाई म्हणाली. पहिला नारळ तिनंच फोडला होता. तिची लंगडणारी शेळी त्याच आठवड्यात नीट चालायला लागली होती. "मारुतीचा रंग काय आभाळातून पडतो? त्यो बी दुकानातूनच आणत्यात."

माणसं हसली. श्रीनिधीलाही तिचं म्हणणं पटलं.

"मावशी, वाट मी खोदली."

"तू पाळण्यात व्हतास तवापासून माज्या शेळ्या चालायल्यात तिथं. बंद कर असं मी न्हाई म्हनत. पायताण घालून जायचं न्हाई, आन देवाला चाक लावायचं न्हाई. मंग जा की खुशाल."

"ओघळातून वळसा काढू," श्रीनिधी त्याच्या कानाशी लागला.

"माझ्या वाटेला वळसा न्हाई," महारुद्र मोठ्यानं म्हणाला. "पायातलं काढतो. चाकही लागू देत न्हाई. वरून उडवतो."

"पडशील रं," बायनाबाई म्हणाली.

"पडलो तर वाट बंद. कुदळ तुमच्या दारात आणून ठेवतो."

"आन न्हाई पडलास तर माजा कोंबडा तुजा."

"बाई, जोश्याच्या पोराला कोंबडा?" सूर्यभानराव म्हणाले.

"पैज म्हंजे पैज."

रविवारी सकाळी तमाम वाडी उताराला येऊन उभी राहिली. महारुद्रनं तो दगड आजवर कधी उडवला नव्हता, हे तिथं एकट्या श्रीनिधीला माहीत होतं. बूट सरकू नये म्हणून पायडलला बारीक खिळे असतात. त्यावर आज त्याचे उघडे तळवे होते. वर मुरूम खरखरला, तरवड हलली. कोपरफोडला मागचं चाक सटकलं, बायका "अगं बाई" म्हणाल्या, पण तो सावरला. दगड जवळ आला तसा त्यानं ब्रेक दाबला नाही, सोडला. सायकल उचलली गेली. दगडावरच्या रुईच्या माळेची पानं वाऱ्यानं हलली, बस. पलीकडं दणका बसला, पुढचं चाक ओघळाकडं झुकलं. पाय टेकला असता तरी भागलं असतं, पण त्यानं तोही टेकला नाही. थेट खाली बाभळीपाशी जाऊन थांबला. तळव्यांतून रक्त येत होतं आणि तो येड्यासारखा हसत होता.

बायनाबाईनं आधी दगड निरखला. चाकाची रेघ नव्हती. मग ती खाली आली. "हळद लाव पायाला," म्हणाली, आणि सूर्यभानरावांकडं वळून, "वाट चालू."

आता परभणीहूनही पोरं येतात. अनवाणी उतरतात. ज्याला उडवता येत नाही तो सायकल खांद्यावर घेऊन ओघळातून जातो. श्रीनिधी दर रविवारी ओघळातूनच जातो.

राहिला कोंबडा. महारुद्र कोंबडा खात नाही, आणि घरी नेला तर आई दोघांनाही उंबऱ्याबाहेर ठेवील. तरी उतरताना तो बायनाबाईच्या दारात सायकल उभी करतोच.

"मावशी, माझा कोंबडा?"

"जरा वाढू दे की रं."

"आणखी किती वाढणार?"

"तुला घाई कशाची? तुला काय खायचा हाय?"

"खायचा न्हाई. जिंकलाय."

ती चहा टाकते. कोंबडा अंगणात दाणे टिपत असतो.