ओटा रस्त्याकडेच हवा

अक्कलकुव्यात बांगड्या भरायच्या त्या अख्तरबानोकडे, हे तिथल्या बायकांना कुणी सांगावं लागत नाही. तुमचा हात हातात घेतला की ती तुमच्या सासूची चौकशी सुरू करते, आणि तुम्ही उत्तर जुळवत असता तोवर बांगडी मनगटावर गेलेली असते. दुखलं का, असं ती कधी विचारत नाही, कारण ती दुखू देतच नाही. या बाबतीत तिला थोडा गर्व आहे आणि तो तिला शोभतो.

नवरा वहाब खापरच्या आणि आसपासच्या बाजारांत बांगड्यांची पेटी घेऊन फिरतो. अख्तरबानो मात्र लग्न होऊन आली तेव्हापासून बाजारपेठेतल्या एका भाड्याच्या ओट्यावर बसलेली. मागे खोली होती, पण धंदा सगळा ओट्यावर. डोंगरातल्या बाया जीपमधून उतरतात. एखादी मणिबेलीकडून आधी होडीने आणि मग जीपने आलेली असते. काखेत पोर, डोक्यावर टोपली. अशी बाई काचेचं दार ढकलून आत येत नाही. ती आधी ओट्यावर टेकते, पाणी मागते, पोराला पाजते आणि मग हळूच विचारते, ती लाल कशी दिली. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात तर ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या आठवड्यावर घराचं वर्ष निघतं.

जुन्या मालकाला ती जागा पाडायची होती, तेव्हा दोघांनी स्वतःचं दुकान घ्यायचं ठरवलं. हायवेला, जीप स्टँडच्या समोर हेमकांतभाऊंची इमारत होणार होती. खाली दुकानं, वर फ्लॅट. हेमकांतभाऊ तापीकाठचे बागायतदार, केळीतून बांधकामात आलेले, बोलायला एकदम गोड. इमारत तेव्हा कागदावरच होती, पण कागद झकास होता. रंगीत माहितीपत्रकात रस्त्याकडे तोंड असलेल्या दुकानांची रांग, प्रत्येकापुढे ऐसपैस ओटा आणि ओट्यावर फुलझाडाची कुंडी. कुंडी काढून टाकू, बायका बसणार कुठे, असं म्हणत अख्तरबानोने कोपऱ्यातल्या दुकानावर बोट ठेवलं. तेच दुकान बुक झालं.

आता इथे तिने जी चूक केली, ती बांगड्या भरणारी बाईच करू जाणे. हेमकांतभाऊंच्या सुनेला, काजलला, लग्नात चुडा अख्तरबानोनेच भरला होता. ज्या घरच्या सुनेला आपण चुडा भरला ते घर आपलं, त्या घराशी हिशोब-हुज्जत करायची नाही, हे तिच्या सासूने तिला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. त्यामुळे भाऊंनी करारनामा नोंदवायचं नाव काढलं, तेव्हा तिला लाजच वाटली. "तुमन्या सूनले चुडा मी भरा भाऊ, आते आपलाम्हा कसानी लिखापढी?" असं म्हणून तिने तो विषयच मिटवला. भाऊंनीही फार आग्रह केला नाही, त्यांची एक कटकट वाचली. वहाबने मात्र एक शहाणपण केलं. हप्ते त्याने बँकेतूनच दिले आणि प्रत्येक पावती जपून ठेवली.

बांधकाम सुरू झालं आणि अख्तरबानोला नवीनच नाद लागला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती हायवेवर जायची आणि जिथे आपला ओटा होणार तिथे वाळूच्या ढिगावर बसून यायची. समोर जीप येते का, बाया कुठल्या बाजूने उतरतात, ऊन कधी फिरतं, सगळं बघून ठेवायची. गवंडी हसायचे. ती म्हणायची, हसा, पण ओटा नीट करा. घरी आल्यावर वहाबला त्या न झालेल्या ओट्यावरच्या गमती सांगायची, आणि तो बिचारा ऐकून घ्यायचा.

एके दिवशी ती गेली तर वाळूच्या जागी भिंत उभी होती. पुढची दोन दुकानं एक करून तिथे मोबाइलचं मोठं शोरूम होणार होतं. तिचं दुकान सरकवलं होतं मागे, जिन्याच्या बाजूला, तोंड पार्किंगकडे. ओट्याचा पत्ताच नव्हता. ती तशीच हेमकांतभाऊंकडे गेली. ते म्हणाले, दुकान उलट मोठंच झालं, हायवेवर तुमच्या नावाचा बोर्ड लावू. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बानोबेन, तू तं आपला घरनी शे. मांगे सावली शे, तठे निवांत बठ."

अख्तरबानो घरी आली, पण जेवली नाही. जागा गेल्याचं दुःख होतंच, पण आपण ज्यांना आपलं म्हटलं त्यांनीच ते आपलेपण पुढे करून आपल्याला मागे ढकललं, याचं तिला फार वाईट वाटलं. वहाब भांडायला निघाला होता. तिने त्याला दारातूनच परत बोलावलं.

श्रावणात कानबाईच्या उत्सवाला माहेरी आलेली गल्लीतली ममता बांगड्या भरायला तिच्याकडे आली. ममता नंदुरबारला वकिली करते. खाला, म्हणजे ही मावशी, आज सासूची चौकशी करत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तिने लगेच ओळखलं आणि सगळं काढून घेतलं. करार केला नाही हे ऐकून तिने आधी कपाळाला हात लावला, आणि मग शांतपणे समजावलं. करार नोंदवून घ्यायची जबाबदारी बिल्डरची असते. थोड्या बुकिंग रकमेपलीकडे पैसे घ्यायचे तर आधी तो नोंदवावाच लागतो, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी. माहितीपत्रकात जे दाखवून पैसे घेतले, त्याला बिल्डर बांधलेला असतो. तुमच्या दुकानाची जागा तुमच्या लेखी संमतीशिवाय हलवता येत नाही. महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. एकाच गोष्टीसाठी दोन्हीकडे मात्र पळायचं नाही. आणि मागायचं काय, तेही आपल्या हातात. व्यवहार सोडून व्याजासकट पैसे परत घ्यायचे, नाहीतर कबूल केलेलीच जागा मागायची.

अख्तरबानोने सगळं ऐकलं आणि म्हणाली, त्या घरच्या सुनेला मी चुडा भरलाय, त्या घरावर तक्रार कशी करू? ममताने बांगड्यांसाठी पुढे केलेला हात तिच्या हातावर ठेवला.

"खाला, तक्रार काजलवर नही, दुकानवर शे. चुडा चुडाना जागे, ओटा ओटाना जागे."

पुढच्या बाजाराच्या दिवशी अख्तरबानो जिन्याशेजारच्या त्या दुकानात जाऊन उभी राहिली. जीपचा आवाज येत होता, बायांचं बोलणंही ऐकू येत होतं, पण दिसत होती फक्त कुणाची तरी मोटारसायकल. इथे बसले तर मी कुणाला दिसणार नाही, एवढंच तिच्या मनात आलं. तिचं ठरलं.

तक्रारीआधी मात्र ती हेमकांतभाऊंच्या घरी गेली. पाठीमागून काही करणं तिला जमणारं नव्हतं. मी महारेराकडे जातेय, असं तिने तोंडावर सांगितलं. भाऊ हसले. त्यांच्या बायकोने चहा पुढे केला, पण नजर वर केली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली काजल रडवेली झाली होती. अख्तरबानो जिना उतरली तेव्हा तिचेही डोळे भरून आले, पण पाय नंदुरबारच्या एसटीकडेच वळले.

महारेराची नोटीस आल्यावर भाऊंचं हसू ओसरलं. दोन्ही बाजू आधी तिथल्याच सलोखा मंचापुढे बसायला तयार झाल्या. ममताच्या ऑफिसात संगणकासमोर अख्तरबानो ओढणी सारखी करून बसली, शेजारी वहाब पावत्यांची पिशवी मांडीवर घेऊन. पडद्यावर भाऊंचं निम्मं कपाळच दिसत होतं. त्यांच्या वकिलाने सांगितलं की बाईंनीच करार नाकारला. मंचावरच्या मॅडमनी विचारलं, मग तुम्ही पैसे घेणं का थांबवलं नाही? यावर कपाळ आणखी वर सरकलं.

थोड्या वेळाने भाऊ पैसे व्याजासकट परत द्यायला तयार झाले, जरा जास्तच पटकन. रस्त्याकडच्या जागेचा भाव दरम्यान चांगलाच वाढला होता. रक्कम वाईट नव्हती. वहाबने बायकोकडे पाहिलं. तू म्हणशील ते, असं तो आधीच बोलून बसला होता. मॅडमनी विचारलं, काय करायचं?

"माले पैसा नको. माले ओटा जोयजे, रस्ताकडे तोंडना."

शोरूमवाल्याशी व्यवहार पक्का झाला नव्हता, त्यामुळे भाऊंना नाही म्हणायला जागा उरली नाही. भिंत पडली, कोपऱ्यातलं दुकान पुन्हा पत्रकात होतं तसं झालं, समझोता कागदावर आला आणि या वेळी करारनामाही नोंदवला गेला. भोंगऱ्याच्या आधी अख्तरबानो आपल्या ओट्यावर बसली. पहिल्याच बाजारी तिथे इतक्या बाया टेकल्या की वहाबला पाणी भरून भरून दमायला झालं. ती मनापासून सुखी होती, आणि हे सुख तिने कुणापासून लपवलं नाही.

एकच गोष्ट टोचत होती. हेमकांतभाऊंच्या घरचं कुणी बांगड्या भरायला येईना. सणाला त्यांच्या घरच्या बायका तळोद्याला जाऊन भरून आल्या, असं तिच्या कानावर आलं. त्या रात्री ती वहाबला म्हणाली, ओटा मिळाला, पण एक घर गेलं.

उन्हाळा सुरू झाला आणि एका बाजारी, डोंगरातल्या बायांच्या गर्दीत, काजल येऊन ओट्यावर बसली. तिला दिवस गेले होते. आपला नंबर येईपर्यंत ती मुकाट बसून राहिली. नंबर आल्यावर हात पुढे केला, पण मान खालीच.

"खाला, मन्हावर राग शे का तुन्हा?"

अख्तरबानोने तो हात दोन्ही हातांत घेतला.

"राग व्हता बेटा. तो मी कागदवर टाकी दिधा, तठेच ऱ्हायना."

काजल हसली आणि तिने दुसराही हात पुढे केला.