गावात घर कोण्या अंगाला?

हट्ट्याच्या बसथांब्यावर माझी थोरली बहीण, सुनंदाताई, मला तिसऱ्यांदा तेच बजावत होती. “हे बघ, तिथं कोणाशी भांडू नको. खोली बघायची, जमलं तर व्हय म्हनायचं, न्हाई तर गुमान पुढं जायचं.” मी सगळी हयात ठाण्याच्या शाळेत पोरांना गप्प बसवलं, आणि आता निवृत्तीनंतर मलाच गप्प बसण्याचे धडे! म्हटलं, ताई, मी खोली शोधायला चाललेय, लढाईला नाही. “तुझं काही सांगता येत न्हाई,” ती म्हणाली. पुढं जे झालं ते पाहता तिचं अगदीच चुकलं नव्हतं.

कारण असं, की ताईची धाकटी लेक वैशाली हिंगोलीच्या एका दवाखान्यात परिचारिका म्हणून लागली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. हट्ट्याहून रोज जाणं-येणं शक्यच नाही. तिच्या वडिलांनी, आबांनी, एकच अट घातली होती: “राहायचा ठिकाणा लागला तरच जायचं. लेकरू कोणाच्या वऱ्हांड्यात झोपनार न्हाई.” आज शनिवार. ताईच्या शेतात हळद शिजवण्याची घाई, म्हणून मला ठाण्याहून बोलावून घेतलेलं. आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. आम्ही बौद्ध आहोत. एक खोली भाड्यानं घ्यायला हे सांगावं का लागावं, असं कुणी विचारील. मीही तेच विचारत फिरले.

वसमतला मी आणि वैशालीनं बस बदलली. मार्च अर्धा उलटलेला, ऊन सकाळीच चटके देणारं, आणि दोन्ही बाजूंच्या शेतांत शिजवलेली हळद वाळत घातलेली. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यालासुद्धा तिचा उग्र, मातकट वास. शिरड शहापूरला एक आजोबा हळदीचं गाठोडं घेऊन चढले आणि ते त्यांनी बिनदिक्कत माझ्या पायाशी ठेवलं. औंढ्याला दर्शनाची गर्दी घुसली, रेटारेटी झाली, गाठोड्याची गाठ सुटली. हिंगोलीला उतरले तेव्हा माझी मोतिया रंगाची साडी गुडघ्यापासून खाली पिवळीधमक. आजोबा म्हणाले, “शुभ असतंय बाई.” शुभ! पुढचा अख्खा दिवस मी त्या शुभ साडीत दारोदार फिरले.

हिंगोली तसं आटोपशीर गाव. मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या, रस्त्यात ट्रॅक्टर उभे, आणि मागच्या बाजूला नव्या वसाहती: दोन मजली घरं, दारात तुळस, फाटकावर ‘खोली भाड्याने देणे आहे’. अशा पाट्या इतक्या दिसल्या की मी वैशालीला म्हटलं, तासाभरात काम उरकून जेवायला जाऊ. पोरीनं नुसती ओढणी सारखी केली. तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं बाहेर राहिलं की आपल्याच मुलखाच्या खोडी विसरायला होतात.

पहिल्या घरी बनियनवर झाडांना पाणी घालणारे एक गृहस्थ. खोली दाखवली, छान होती. मग विचारलं, “नाव?” वैशाली जाधव. “जाधव म्हंजे कोन्ते जाधव?” आता हे इथलं कोडं समजून घ्या. जाधव मराठ्यांत आहेत, तांड्यावरच्या बंजाऱ्यांत आहेत आणि आमच्यातही आहेत. नुसत्या आडनावानं घरमालकाचं पोट भरत नाही. मी म्हटलं, “बौद्ध.” गृहस्थांनी नळी झाडाच्या बुडाशी सोडली, दोन क्षण विचार केला आणि म्हणाले की या खोलीत त्यांना आता गहू भरून ठेवायचेत. म्हटलं, मग फाटकावरची पाटी काढा की, आमच्यासारख्यांना उगाच पायपीट. “काढू, काढू,” म्हणाले. नाहीच काढली, परत तिथून जाताना मी मुद्दाम पाहिलं.

दुसऱ्या घरी फाटकही उघडलं नाही. तेच नाव, तोच प्रश्न, तेच उत्तर. मग आतून सांगण्यात आलं की लग्नाची पोरगी म्हणजे जोखीम असते, ते फक्त कुटुंबाला खोली देतात. त्याच वेळी त्यांच्या गच्चीवर कॉलेजच्या दोन मुली वाळत घातलेले कपडे काढत होत्या. मी बोटानं दाखवलं. वैशालीनं माझं बोट धरून खाली केलं.

तिसरं घर मात्र इतकं भलं निघालं, की त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. काकू अगदी लेकुरवाळ्या, हसतमुख. माझी साडी बघून म्हणाल्या, “अगं बाई, हळदीहून डायरेक्ट आल्या का काय!” आत बसवलं, थंडगार पाणी दिलं, वर सुशीला (भिजवलेले चुरमुरे फोडणीला घालून करतात तो प्रकार) आणि चहा. काका खुर्चीत पेपर वाचत बसलेले. खोली मागच्या अंगणात, स्वतंत्र नळ, खिडकीसमोर कडुनिंब, दवाखाना चालत दहा मिनिटांवर. वैशालीचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा खुलला. आडनाव विचारलं, पण कोणते जाधव हे काही काकूंनी विचारलं नाही. मी मनात म्हटलं, बघा, सगळेच काही सारखे नसतात. बशीतली सुशीला दुसऱ्यांदा वाढून घेतली.

“हट्ट्याच्या का तुमी? माझी मावशी हट्ट्यातच दिलेली,” काकू म्हणाल्या. “लहानपनी लई येनंजानं होतं. तुमचं घर कोण्या अंगाला?”

कोण्या अंगाला म्हणजे गावाच्या कोणत्या बाजूला. हा प्रश्न ज्याला कळत नाही तो नशीबवान. गावात कोणतं घर कुठं आहे ते कळलं, की बाकीचं विचारावं लागत नाही. वैशालीनं कप खाली ठेवला. “शाळेच्या मागं. नाल्याच्या पल्याड.”

“म्हंजे… तिकून?”

“व्हय. तिकूनच.”

काकू “आलेच हं” म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा जरा आवाज झाला. बाहेर आल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, “बगा ना, मी बी कशी! ह्यांनी सकाळीच कोणाला तरी खोलीचा शब्द देऊन ठेवला. मला आत्ता आठवून राहिलं.” पेपरामागून काकांनी दचकून वर पाहिलं. त्या बिचाऱ्यालाही आपण शब्द दिल्याचं आत्ताच कळत होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काकू,” मी म्हटलं, “खोटं बोलायचं तर निदान नवऱ्याला आधी सांगून ठेवायचं.”

“तसं न्हाई हो ताई! आमाला काही न्हाई. आमी कुठं मानतो? शेजारपाजारचे बोलून राहिलेत, त्याची तकलीफ. माझ्या मुलाचे तर किती तरी दोस्त…”

“दोस्तांना खोली नको असते ना, म्हणून सोयीचे,” मी म्हटलं, आणि सुशीलेची बशी बाजूला सारून उठले. नुसता नकार दिला असता तर चाललं असतं हो. खाऊपिऊ घालून, मावशीच्या आठवणी काढून, गालगुच्चा घेऊन नकार! काकूंनी दारापर्यंत येऊन “पुन्हा या” सुद्धा म्हटलं. काय म्हणावं या माणसांना.

दवाखान्यासमोर झाडाखाली बसून आम्ही ताईनं दिलेली भाकरी आणि ठेचा काढला. मी अजून धुमसतच होते. वैशालीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि एकदम म्हणाली, “मावशी, तू भांडून उद्या ठाण्याला जाशील. मला या गावात राहायचंय. त्या काकूच उद्या दवाखान्यात आल्या तर त्यांना सलाईन मीच लावनार ना?” तिनं मग आपल्याच समाजातल्या ओळखीच्यांना फोन लावले. आमच्या वस्तीतल्या खोल्या भरलेल्या; ज्यांना दुसरीकडं कुठंच मिळत नाही ती सगळी मुलं-मुली तिथंच येऊन दाटलेली. एक जागा निघाली ती पार गावाच्या टोकाला, अंधार पडला की रिक्षा न जाणाऱ्या भागात. रात्रीची ड्यूटी संपवून ही पोरगी तिथं कशी पोचणार? शनिवार निम्मा संपला होता. वैशाली हळूच म्हणाली, “आबांना काय सांगू?” तिचे डोळे भरले आणि तिनं ते तिखटाच्या नावावर खपवले.

समोरची चहावाली आमचं सगळं ऐकत असावी. तिनं स्वतःहून सांगितलं, “दवाखान्याच्या मागच्या गल्लीत जावा. निळं दार. मास्तरांची वरची खोली रिकामी हाय. भली मानसं.” आम्ही उठलो. मागची गल्ली चार मिनिटांवर. निळं दार सापडलं. दारावरच्या पाटीवर मराठीतच लिहिलं होतं: शेख मास्तर.

आणि माझे पाय पायरीवरच थांबले.

थांबले, हे मी इथं लिहून ठेवते, कारण या प्रवासात मी सगळ्यांची लक्तरं काढली, माझीही निघायला हवीत. दार मास्तरांच्या बायकोनं उघडलं. “या, उनात काहून उभ्या?” वैशाली आत गेली, मीही मागून. खोली वरच्या मजल्यावर, जिना बाहेरून, मोरी आतच. कडी मजबूत होती, ती बाईंनी स्वतः लावून दाखवली. “रातच्या ड्यूटीहून येशील तर हाक मारायची नको, एक चाबी तुझ्याजवळच ठेव. पन खाऊन झोपायचं, उपाशी न्हाई.” नाव विचारलं ते फक्त नाव. वैशाली म्हटल्यावर “बराबर” म्हणाल्या. कोणती वैशाली, कोण्या अंगाची, काही नाही.

मास्तर खालून चहाचा ट्रे घेऊन आले. आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस, माझ्यापेक्षा शुद्ध बोलत होते. नोकरीत असताना नव्या वसाहतीत प्लॉट घ्यायचं फार मनात होतं, म्हणाले. नाव ऐकलं की प्लॉट विकलेला निघायचा. “मग म्हटलं, आपली जुनी गल्ली काय वाईट? दवाखाना तर जवळ आहे.” ते हसले. मी हसले नाही. माझं लक्ष भलतीकडं होतं. मी खिडकीतून गल्ली पाहत होते. संध्याकाळी इथं कसली माणसं बसतात? पोरगी एकटी. ताई काय म्हणेल, भावजी काय म्हणतील? मी विचारलंसुद्धा, “वस्ती… तशी बरी आहे ना?” आणि एवढ्यावर न थांबता म्हणाले, “घरी विचारून सांगते.”

मास्तरांच्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता. “हां, पूछ लेव,” त्या म्हणाल्या. “सब पूछते.”

“मावशी,” वैशाली म्हणाली, “घरी कोणाला विचारायचं? राहनार मी हाय. मला विचार की.” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं त्या बाईंच्या हातातली किल्ली घेतली. मला सकाळपासून सगळ्यांचा राग आला होता. त्या क्षणी जो आला तो माझा मलाच, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

रात्र त्याच खोलीत काढून रविवारी सकाळी मास्तरांच्या घरी खिचडी-खट्टा (खिचडीवर चिंचेचं आंबट सार; इथल्या मुसलमान घरांतला नेहमीचा नाश्ता) खाल्ला. खट्टा इतका फर्मास की मी वाटी तोंडाला लावली. वैशालीनं गादी, बादली आणि शेगडी आणून खोली लावली, खिडकीशी बाबासाहेबांची तसबीर ठेवली. खिळा मास्तरांनी ठोकला आणि ठोकताना अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. भावी परिचारिकेला पहिला रुग्ण घरातच मिळाला. निघताना मी त्या बाईंना काहीतरी म्हणणार होते. त्यांनी तेवढ्यात माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाल्या, “गाडीत खा, ठंडी झाली तरी चांगली लागते.” माझं म्हणायचं राहूनच गेलं.

परतीच्या गाडीत ताईचा फोन आला. जागा कशी, नळ कसा, दवाखाना किती लांब, सगळं मी भराभरा सांगितलं. “अन् घर कोणाचं हाय?” शेख मास्तरांचं, म्हटलं. मग ताई हळूच म्हणाली, “बाई गं… वस्तीतल्यांना काय सांगू मी? आन् वैशूच्या आबांना?”

तिच्यावर खेकसायला माझ्याजवळ दोन दिवसांचं सामान तयार होतं. पण तिचा धीर सुटू नये, पोरीची नोकरी जाऊ नये, म्हणून मी घाईघाईनं म्हणाले, “ताई, अगं, काळजी करू नको. खूप चांगली आहेत. ती त्यातली वाटतच नाहीत.”

“व्हय का? मग बरं,” ताई म्हणाली, आणि तिनं निर्धास्तपणे फोन ठेवला. वैशालीची खोली पक्की झाली.

मी फोन मांडीवर ठेवला. ठाण्याच्या आमच्या स्टाफरूममध्ये एक बाई होत्या, माझ्या अगदी जिवाभावाच्या. माझ्या डब्यातलं खायच्या, आजारपणात घरी यायच्या. पाठीवर हात ठेवून, कौतुकानं, त्या मला नेहमी म्हणायच्या, “बाई, तुम्ही त्यातल्या वाटतच नाही हो.” नोकरी संपली तरी ते वाक्य मी त्यांना माफ केलेलं नाही.