कापसाला लागलेले बूट

तांड्यावरच्या सोमलीबाईनं माझा पाय ओढला, त्याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे. एरवी माणसं पाय ओढतात ते खाली पाडायला. तिनं ओढला नसता तर मी कापसाबरोबर दारव्ह्याच्या जिनात सरकी काढायला गेलो असतो आणि आज कुणाच्या तरी गादीत असतो!

सातवीत मी शाळा सोडली (खरं तर शाळेनंच मला सोडलं!) आणि पुण्याला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. तिथं माझी बोली ऐकून लोक हसायचे. म्हणून महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीच्या दिवाळीला घरी निघालो, तो नवे बूट घेऊनच. निदान घरच्यांनी तरी कौतुकानं बघावं! बूटही असे करकरणारे, की आख्ख्या गल्लीला कळावं.

दारात पाऊल टाकलं. कर्र! कर्र!

"अवो, दार करकरून राह्यलं!" बाबा आतून ओरडले. "जवाईबापूची झोप मोडन ना!"

आणि तेलाची बुधली आणून त्यांनी दाराला तेल घातलं. मी दारातच उभा होतो. थोडं माझ्यावरही सांडलं!

"आला काय?" माय म्हणाली. "बरं झालं. जवाईबापूच्या आंघोळीचं पाणी काढ."

ताईचा दिवाळसण होता ना! नेरचे जवाईबापू शिंकले की तिघं धावत. मी पायरीवरून धाडकन पडलो, तर माय म्हणते, "हळू पड ना रे! ते जेवून राह्यले!"

मी जळून खाक. ठरवलं, गायबच व्हायचं. मग पाहू, कशी शोधाशोध होते! मागच्या खोलीत नव्या वेचणीचा कापूस होता. नाकात तंतू जाऊ नयेत म्हणून दोरीवरचं एक फडकं घेऊन तोंडाला बांधलं आणि कापसात शिरलो. बूट पायातच. (कुणी पाहिलेच नव्हते, तर काढायचे कसे?)

तेवढ्यात वेचणाऱ्या बाया आल्या आणि माझ्यावर गाठोडी रिकामी करू लागल्या. हलता येईना. ओरडलो, तर तोंडावर फडकं आणि फडक्यावर कापूस!

आणि बाहेर मायचा आवाज आला.

"कुठी गेला वं? आत्ता तं इथंच होता!"

माझी छाती भरून आली.

"समदं घर पाह्यलं," बाबा म्हणाले. "विहिरीत तं नाही पडला?"

विहिरीत! बाबांच्या आवाजाला कंप होता हो! मी आतल्या आत रडायला लागलो. माय, हा पाहा, मी इथं आहे!

"बाबा," ताई म्हणाली, "रुमाल कायले विहिरीत जाईन? मी सोता दोरीवर वाळू घातलता. यायचा आवडीचा हाये तो!"

रुमाल! जवाईबापूचा!

इतक्यात शेवटचं गाठोडं ओतणारी सोमलीबाई किंचाळली, "मालकीनबाई! कापसाले बोंडं लागते, तुमच्या कापसाले बूट कायले लागले वं?"

तिनं एक बूट धरून ओढला. मागोमाग मी आलो. सगळं घर धावलं.

"सापडला!" माय आनंदानं ओरडली आणि माझ्या तोंडावरचा रुमाल सोडून घेऊन गेली.

मी तिथंच बसलो, दाढीमिशा कापसाच्या. सोमलीबाई मात्र थांबली. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, पायांकडे पाहिलं.

"नवे हायेत काय रे, बापू? लय झकास! पऱ्हाटीच्या वावरात चालाले असे पाह्यजेत. खुंटं नाही रुतन."

तिचे स्वतःचे पाय अनवाणी, टाचा भेगाळलेल्या.

आज पुण्यात, इतक्या लांब खिळे जुळवताना मी मनाशी पक्कं केलंय. एक दिवस सोमलीबाईसाठी बूट घेऊन जाईन, अगदी असेच करकरणारे. ती ते घालून आमच्या दारात येईल. माय म्हणेल, "जवाईबापूनं आणले काय वं?" आणि बाबा उठून दाराला तेल घालतील. तेव्हाही दारात मीच उभा असेन!