बंद करायचं कारण

आम्हा बायांची पळसाच्या पत्रावळी लावायची संस्था होती. काम थांबून दोन वर्षं झाली, पण कागदोपत्री ती चालूच होती. ती रीतसर मोडायला तालुक्याहून साहेब आले. दरेकशाच्या समाजमंदिरात आम्ही अकरा जणी बसलो. ठराव त्यांनी लिहूनच आणला होता. मी अध्यक्ष, म्हणून मी वाचून दाखवला. कारण लिहिलं होतं, ‘सभासदांना कामात रस नाही.’

माझी धाकटी जाऊ म्हणाली, "काऊन जी सायब, पानं तोडाले डोंगरावर कोण जात होतं, तुमी?"

"बाई, सगळ्याच संस्थांचं असंच लिहितो."

"आमचं येगळं लिवा. आमाले आळशी नोका ठरवू. नाही तं सही भेटत नाही."

साहेब म्हणाले, मग कारण तुम्हीच सांगा.

मी सांगितलं, लोक लग्नात थर्माकोलच्या प्लेटा घेतात.

"पुरं सांगा ना, जाऊबाई. तुमच्या पोरीच्या लग्नात काय होतं?"

थर्माकोलच होतं. स्वस्त पडतं, अन् रस्सा गळत नाही. मग मी म्हटलं, लिहा साहेब, लोकांनी थर्माकोल घेतलं, आम्हीही घेतलं. साहेब जरा हसले, पण लिहिलं तसंच. त्याच्याखाली पहिली सही जावेनं केली.