संगणकाची बारी

आमच्या घरात 'बारी' हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. बारी म्हणजे सामाईक विहिरीवर पाणी घेण्याचा आपापला दिवस. धुळ्याजवळच्या गावी नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि काकांची विहीर एक होती, मोटारही एकच. एक दिवस आमची बारी, दुसऱ्या दिवशी काकांची. मी प्राथमिक शाळेत असताना एका उन्हाळ्यात नेमकी काकांच्याच बारीला लाइट जायला लागली. त्यांनी बदली दिवस मागितला. नाना म्हणाले, तुझ्या बारीची गेली, ती तुझी गेली. काका विहिरीवर उभे राहून ओरडले, "मनीच बारीले लाइट कशी जास?"

मी नानांचं बोट धरून उभी होते. त्या दिवसानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. काकांच्या मुलीच्या लग्नाची वाजंत्री दारावरून गेली तेव्हा आईने दार लोटून घेतलं आणि आम्ही भावंडं आत चूपचाप बसून राहिलो.

नव्वदचं दशक संपता संपता आम्ही धुळ्यात राहत होतो आणि घरात संगणक आला होता. धाकटा भाऊ जळगावला इंजिनिअरिंगला होता, शनिवारी घरी यायचा. त्याच सुमारास आम्हा दोघांना फुकटच्या हमालीचं वेड लागलं. जगभरातले हौशी लोक घरच्या संगणकाचा रिकामा वेळ मोठमोठ्या कामांना देत होते. माझं काम आकाशातून आलेल्या रेडिओ लहरींत परग्रहावरच्या कुणाची हाक आहे का ते शोधायचं. भावाचं काम एका अवाढव्य संख्येला भाग जातो का ते पाहायचं. संगणक एक आणि हौशी दोन. मग आम्ही काय केलं? रक्तातच होतं ते केलं. एक दिवस माझं आकाश, एक दिवस त्याची संख्या. तो जळगावला असला की त्याच्या दिवशी त्याचा प्रोग्रॅम मीच सुरू करून द्यायची, आणि अगदी इमानाने द्यायची.

पण धुळ्याच्या लाइटला इमान कुठलं? मे महिन्यात त्याच्या वाट्याच्या दिवसांना ती सारखी जायला लागली. भाऊ एसटीडी बूथवरून फोन करायचा आणि "आई कशी आहे" याच्याआधी "माझं चालू केलंस ना?" विचारायचा. मला राग यायचा. मी काय याच्या संख्येची राखणदार आहे? मीही तुटक उत्तरं द्यायला लागले. फोन ठेवला की मात्र लक्षात यायचं, ही तुटक भाषा माझ्या ओळखीची होती.

एका शनिवारी तो आला, चप्पल काढली आणि तडक संगणकापाशी गेला. त्याची संख्या जिथल्या तिथे होती. तो वळून म्हणाला, "अक्का, माझ्याच बारीला लाइट कशी जाते?"

आई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. ती पिठाच्या हातांनी दारात आली. "तुमीबी बाऱ्या कराले लागनात का?" ती म्हणाली.

एका क्षणात मला पुढचं सगळं दिसलं: याचं लग्न, याच्या घरची वाजंत्री, आणि दार लोटून आत बसलेली मी. मला सांगायचं होतं की घे, सगळे दिवस तुझे. पण तोंडातून निघालं ते, "तुझ्या बारीची गेली, ती तुझी गेली."

भाऊ चिडला. दिवस माझा होता, माझं आकाश चालू होतं. त्याने ते बंदही न करता आपली संख्या वर सुरू केली. आता संगणक बंद पडणार म्हणून मी ओरडले. काहीच झालं नाही. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी होत्या, दोन्हींतले आकडे सरकत होते. हळू, पण दोन्हींतले. यंत्र स्वतःच अर्धा वेळ याला, अर्धा त्याला देत होतं. इतकं शिकून आम्हा दोघांना हे एकदाही सुचलं नव्हतं. भाऊ खुर्चीत मागे टेकला आणि हळूच म्हणाला, "राहू दे अक्का, दोन्ही."

नाना कधी येऊन मागे उभे राहिले, कळलं नाही. ते बराच वेळ पडद्याकडे बघत होते.

"आन लाइट गयी ते?" त्यांनी विचारलं.

"दोघांचं सारखंच बुडेल, नाना," भाऊ म्हणाला.

मी त्यांच्या रागाला जन्मभर भ्याले होते आणि आता तो येणार म्हणून अंग चोरून उभी होते. पण राग आला नाही.

"आमले हाई कोनी सांगं नही," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मला त्या रागापेक्षा त्या आवाजाची जास्त भीती वाटली.

काका आदल्याच वर्षी वारले होते. नाना दहाव्याला गेले होते आणि विहिरीकडे न बघता परत आले होते.