चौकोनी फळाचं झाड

बेटावर कपडे शिवणाऱ्या आत्याबाईंना चौकशांची भारी हौस. नुसतं ब्लाउजचं माप घ्यायचं असलं तरी दहा प्रश्न विचारून झाल्याशिवाय त्यांची टेप हलायची नाही. एकदा भरतीनंतर किनाऱ्यावर त्यांना एक चौकोनी, हलकं फळ सापडलं. असलं फळ बेटावर कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांनी ते शिलाई मशीनशेजारी ओल्या वाळूच्या डब्यात पुरलं आणि काही महिन्यांनी त्याला कोंब फुटला.

किनारा खचू नये म्हणून सगळं गाव झाडं लावायला जमलं, तेव्हा आत्याबाई आपलं रोप घेऊन हजर.

"हे कशाचं?" शाळेच्या बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. म्हणून तर लावायचंय."

"जाऊबाई, तुम्हाला नसते उद्योग!" धाकटी जाऊ फणकारली. "काटेरी निघालं म्हणजे?"

रोप मात्र जोमानं वाढलं. काही वर्षांनी एका सकाळी झाडाखाली पांढऱ्या-गुलाबी तंतूंच्या फुलांचा सडा दिसला, पण झाडावर एकही फूल नव्हतं. मग ही फुलतात कधी? आत्याबाईंना चैन पडेना. संध्याकाळी मशीन झाकून त्या झाडापाशी जाऊन बसल्या. थोड्या वेळानं धाकटी जाऊही चटई घेऊन आली.

अंधारता अंधारता एक टपोरी कळी उकलली आणि आतले तंतू हळूहळू मोकळे झाले.

"नाव काय हो याचं?" जावेनं हळूच विचारलं.

"कोण जाणे," आत्याबाई खुशीत म्हणाल्या. "उद्या बोटवाल्यांना विचारू. तूही चल."