दानीएल मिस्त्रीची सहावी होडी

आप्पासाहेबांचा मला तिटकारा होता, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर नंतर कुणी म्हणायचं, गुरुजींनी माणसाची दुसरी बाजू पाहिलीच नाही. पाहिली होती. तिकडंही तेच होतं.

पण ही गोष्ट त्यांची नाही, दानीएल मिस्त्रीची आहे. भंडारदऱ्याच्या तलावाकाठी, शेंडी गावात मी शाळामास्तर होतो. तेव्हा धक्क्यावर सहलीच्या सहा होड्या चालत आणि सहाही दानीएलच्या हातच्या. तो मूळचा भिंगारचा. लष्कराच्या डेपोत सुतार होता. पलटणीच्या लाकडी नावा दुरुस्त करता करता होडीचं काम शिकला आणि नोकरी संपल्यावर इकडं आला. होडी करायला घेतली की आधी वल्हवणाऱ्याला पाटावर बसवायचा, हात पुढं ताणायला लावायचा आणि सुतळीनं माप घ्यायचा. त्या मापानं होडी आणि त्याच मापानं वल्ही. म्हणून बन्सीची होडी लांबोडकी होती, भीमाबाईची आखूड आणि रुंद. पाच होड्या पाच जणांच्या, सहावी त्याची स्वतःची. तिचं नाव ‘कृपा’, भिंगारला दिलेल्या लेकीचं.

त्या वेळी गिऱ्हाईक धक्क्यावर उतरलं की सहा जण हाका मारायचे. बन्सी उर्मट बोलला तर माणसं सरळ भीमाबाईकडं जायची, म्हणून बन्सी गोड बोलायचा. भीमाबाईच्या गाद्या स्वच्छ असायच्या, म्हणून इतरांनाही गाद्या उन्हात घालाव्या लागायच्या. दानीएल हाका मारत नसे. तो नुसता बसून राही आणि त्याची होडी कधी रिकामी नसे.

आणखी एक रीत होती. पावसाळ्यात होड्या छपराखाली पालथ्या पडून असत. पाण्याबाहेर राहिलेल्या फळ्या आक्रसतात, सांधे सुटतात. म्हणून घटस्थापनेला होडीत दगड भरून तिला काठाच्या उथळ पाण्यात बुडवायची, नऊ दिवस तशीच ठेवायची आणि दसऱ्याला दगड काढून वर घ्यायची. तोवर लाकूड फुगून सांधे गच्च होतात. याला सगळे ‘होडी बसवणं’ म्हणत. दानीएल रविवारी प्रार्थना चुकवत नसे, पण घटस्थापना कधी आहे ते मला सगळ्यात आधी तोच विचारायचा.

एकाहत्तर सालच्या होळीला आप्पासाहेब सोनईकडून आले. लाकडाचा व्यापार, पांढरा सफारी, बोटात तीन अंगठ्या. त्यांनी कुठल्याशा कचेरीतून अख्ख्या धक्क्याचा ठेका मिळवला आणि ‘सागर विहार कंपनी’ काढली. पावसाळ्यातही पगार देतो म्हटल्यावर पाचही जणांनी होड्या देऊन टाकल्या. पोट सगळ्यांना असतं, त्यासाठी मी त्यांना नावं ठेवणार नाही. नंतर जे केलं त्यासाठी मात्र ठेवणार आहे.

आप्पासाहेबांची अक्कल अशी की पाच होड्यांची पाच नावं त्यांनी तशीच ठेवली. वर पाच वेगळे रंग दिले. भाडं मात्र एकच, आधीच्या दुप्पट. पाट्या लिहायला मला बोलावलं.

“मालक एकच आहे, मग नावं पाच कशाला?” मी विचारलं.

“गुरुजी, गिऱ्हाइकाला निवडायला लई आवडतं,” ते म्हणाले. “लाल घेऊ का पिवळी घेऊ यात ते गुंतलं, की भाड्यावर तोंड उघडत न्हाई.”

मी हसलो. आणि पाट्या लिहून दिल्या. माझं अक्षर तालुक्यात वाखाणलं जाई, त्याची मला घमेंड होती. पाचही पाट्यांवर ते अक्षर होतं, हे आज लिहिताना मला माझीच किळस येते.

राहिली होती ती ‘कृपा’. आप्पासाहेब दानीएलच्या दारात जाऊन उभे राहिले. मी तिथंच होतो.

“मिस्त्री, दसऱ्याला सहाच्या सहा होड्या कंपनीच्या पायजेत. न्हाई तर तुमची होडी धक्क्याला लागायची न्हाई.”

“शेठ, ती माज्या हाताच्या मापाची हाय,” दानीएल रंधा खाली न ठेवता म्हणाला. “तुमच्या कुनाच्या हाताला बसायची न्हाई.”

आप्पासाहेबांना वाटलं, म्हातारा किंमत वाढवतोय. त्यांना दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं.

रंगकामासाठी पाच होड्या गुढीपाडव्यालाच पाण्याबाहेर काढल्या होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये त्या अख्खा उन्हाळा भाजल्या. फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. त्यात खडू आणि तेल मळून केलेली लांबी भरली, वरून ऑइलपेंटचे दोन हात दिले. दिसायला अशा झाल्या की शाळेतली पोरं शेडबाहेर रांग लावून बघायची.

घटस्थापनेला दानीएलनं आपली होडी बसवली आणि ओल्या कपड्यांनीच शेडवर गेला.

“शेठ, या पाच बी बसवा. लई दिवस कोरड्या हायेत. नऊ दिवस पान्यात ऱ्हाऊ द्या.”

“येडे का खुळे तुमी?” आप्पासाहेब उखडले. “नवा रंग पान्यात घालू? दसऱ्याला साहेबलोक येनार आन त्याच्या आदी मीच माज्या होड्या बुडवू? अपशकुनी मानूस!”

पाचही होडीवाले मागं उभे होते. दरसाल स्वतःच्या हातानं होडी बसवणारी ही माणसं. कंपनीच्या खाकी टोप्या घालून पाचही जण जमिनीकडं बघत राहिले. भीमाबाईनं एकदा तोंड उघडलं, मग पदर तोंडाला लावला. मी याच्यासाठी त्यांना नावं ठेवतो.

दसऱ्याला मांडव उभा राहिला, नारळ फुटला. तीसेक पाहुणे आले होते. त्यांनी पंधरा मिनिटं रंग निवडण्यात घालवली. एक बाई निळ्या होडीत बसून पुन्हा उतरल्या आणि हिरवीत गेल्या, निळी ‘जरा हलकी वाटते’ म्हणून. दोन्ही एकाच शेडमधल्या, एकाच डब्यातली लांबी भरलेल्या.

होड्या काठापासून लांब गेल्या तेव्हा लांबी निसटली. आधी चपला तरंगल्या, मग आरडाओरडा सुरू झाला. पाचही होड्यांत घोट्याच्या वर पाणी. बन्सी टोपीनं पाणी उपसत होता.

दानीएलनं सकाळीच ‘कृपा’ वर काढली होती. तो वल्ही घेऊन निघाला. पाच खेपा केल्या. शेवटच्या खेपेला, पाहुण्यांबरोबर होडीत बसलेले आप्पासाहेब आले, सफारीतून पाणी गळत होतं. दानीएलनं त्यांनाही हात धरून उतरवलं. बुडालं कुणी नाही. आणि चिंब भिजलेल्या त्या बाई काठावर उभ्या राहून नवऱ्याला काय म्हणाल्या? “मी सांगत होते, पिवळी घ्यायला हवी होती.”

चौथ्या दिवशी कचेरीचं पत्र आलं. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी यापुढं धक्क्यावर फक्त कंपनीच्याच होड्या चालतील. खाजगी होड्यांना मनाई. दानीएल ते माझ्याकडून वाचून घ्यायला आला. मी दोनदा वाचलं. संतापून मी कोरा कागद पुढं ओढला.

“मिस्त्री, मी अर्ज लिहितो. असा लिहितो की—”

“नगं गुरुजी,” तो शांतपणे म्हणाला. “तुमचं अक्षर चांगलं हाय. बगितलंय मी पाट्यांवर.”

माझ्या आयुष्यात मला कुणी एवढं जोरात मारलेलं नाही.

त्याच दुपारी धक्क्यावर माणसं असताना तो ‘कृपा’ घेऊन आला. काठालगत तिच्यात एकेक दगड रचला आणि तिला बसवली. घटस्थापना होऊन गेली होती, दसराही होऊन गेला होता. आप्पासाहेबांनी पुढं पत्र्याच्या होड्या आणल्या, पाचही सारख्या. नावं आणि रंग तेच. दानीएल खाटा-बाजा करून पोट भरू लागला. बहात्तरच्या दुष्काळात पाणी मागं हटत गेलं, तसा तो दगड काढायचा, होडी आत सरकवायचा, पुन्हा दगड भरायचा. फळीला ऊन लागू दिलं नाही.

त्र्याहत्तरच्या दिवाळीत माझी बदली झाली. निघायच्या दिवशी मी धक्क्यावर त्याच्याशेजारी बसलो होतो. तो बोलो न बोलो, शेजारी बसू द्यायचा, एवढं नातं उरलं होतं. नाशिकचं एक कुटुंब आलं. लाल की हिरवी, यावर त्यांचं बराच वेळ चाललं. शेवटी त्यातले गृहस्थ दानीएलकडं वळले.

“काय हो बाबा, यातली चांगली होडी कुठली?”

दानीएलनं काठाजवळच्या पाण्याकडं बोट केलं. “ती. खाली हाय ती.”

त्यांनी पाण्याकडं बघितलं, म्हाताऱ्याकडं बघितलं आणि एकमेकांकडं बघून हसले. मग लाल होडीत जाऊन बसले.